औषध किती वाजता उतरणार? ऑपरेशननंतर पेशंटजवळ पहिल्यांदाच राहणाऱ्यासाठी

खानापूर असो, निपाणी असो, जांबोटीच्या पलीकडचं एखादं गाव असो की कर्नाटकाच्या हद्दीपलीकडचं, महाराष्ट्रातलं चंदगड, मोठं ऑपरेशन म्हटलं की वाट बेळगावची, नाहीतर कोल्हापूर-मिरजेची. सोबत राहायला येतो तो पुष्कळदा पहिल्यांदाच आलेला असतो. पुतण्या, धाकटी सून, कधी शेजारचा कॉलेजात जाणारा पोरगा. पैसे कुठे भरायचे, डबा कुठून आणायचा, मेडिकल कुठल्या मजल्यावर, हे सगळं तो दोन तासांत शिकतो. रात्री दीड वाजता आज्जी कण्हायला लागल्या की काय करायचं, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मी बेळगावात सर्जरी वॉर्डात नर्स आहे. हा लेख त्या पोरासाठी.

आधी एक वही आणि पेन घ्या. मोबाइलवर लिहिलं तरी चालतं, पण पाळी बदलली की मोबाइल तुमच्याबरोबर घरी जातो आणि वही उशाशी राहते. दुखणं कमी करायच्या प्रत्येक पद्धतीचं स्वतःचं घड्याळ असतं: चढायला इतका वेळ, टिकणार इतका वेळ. कुठली पद्धत भारी, हे सगळे विचारतात. मला विचाराल तर आधी हे विचारा: आत्ता दिलेलं किती वाजता उतरणार, आणि ते उतरायच्या आत पुढचं काय मिळणार?

पहिली पायरी: आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठा

ते तपासायला येतात तेव्हा घरचे बहुधा चहाला गेलेले असतात. ऑपरेशन करणारे ते मोठे डॉक्टर, भूलवाले म्हणजे सुई टोचून जाणारे, असा आपल्याकडे समज आहे. पण पहिल्या दिवसाचं दुखणं कसं जाईल, ते जास्त करून यांच्याच हातात असतं. तेव्हा जागेवर थांबा आणि काही गोष्टी आपणहून सांगा.

गुडघ्यासाठी मेडिकलातून आणलेली गोळी रोज चालू आहे का? त्या गोळीचं पाकीटच दाखवा, नाव आठवत बसू नका. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करायची गोळी, कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठणं, रोजची दारू, झोपेची गोळी, झोपेत मोठ्याने घोरताना मध्येच श्वास अडकणं. यातली एकेक गोष्ट एकेका औषधाची वाट बंद करते. आणि तंबाखू. निपाणी भागातून आलेल्या बायका मिश्री लावतात हे डॉक्टरांनी विचारल्याशिवाय सांगत नाहीत, विचारलं तरी लाजतात. बिडी ओढणाऱ्याला ऑपरेशननंतर खोकला जास्त येतो, आणि पोटाला टाके असताना खोकला म्हणजे काय असतं ते दुसऱ्या दिवशी कळतं.

मग विचारा: ‘ऑपरेशन झाल्यावर दुखण्यासाठी काय देणार?’ उत्तरात बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी एकत्र येतील. त्यात काही वावगं नाही. वेगवेगळ्या वाटेने काम करणारी औषधं थोडी थोडी दिली की प्रत्येकाचा डोस कमी लागतो आणि त्रासही कमी होतो.

दुसरी पायरी: दुखणं मोजायला शिका

आम्ही विचारतो, ‘शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?’ शहरातला माणूस पटकन सात सांगतो. हुक्केरीकडच्या आज्जी माझ्याकडे बघत बसतात. त्यांना मी विचारते, ‘रुपयाला किती आणे दुखालंय?’ आणि उत्तर लगेच येतं: ‘बारा आणे.’ इंजेक्शननंतर अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं की ‘आता चार आणे ऱ्हायलंय.’ आठ आणे म्हणजे दहापैकी पाच, इतकं गणित वहीत करून ठेवा. लहान पोराला चेहऱ्यांचं चित्र दाखवतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

आकडा दोनदा घ्या: एकदा निवांत पडलेलं असताना, एकदा खोकायला किंवा कुशीवर वळायला लावून. पडल्या पडल्या दोन आणे आणि खोकताना चौदा आणे असेल, तर औषध पुरेसं नाही. पेशंट शांत दिसतो म्हणजे बरा आहे असं धरू नका. दुखेल म्हणून हलत नाही, खोल श्वास घेत नाही, असा माणूस सगळ्यात शांत दिसतो. छातीत कफ साठतो तो अशाच माणसाच्या. औषधाने आकडा शून्यावर यायलाच हवा असं नाही. माणूस खोकू शकतो, वळू शकतो, धरून चार पावलं चालू शकतो, एवढं झालं की पद्धत जमली.

दुसरं म्हणजे दुखण्याचं नाव. हे आपल्या भाषेत फार नेमकं आहे, ते तसंच सांगा. ठणका म्हणजे नाडीच्या तालावर ठोके पडल्यासारखं; जखमेला सूज आली की ठणकतं. कळ येते आणि जाते. आतडं, गर्भाशय, अडकलेली लघवी यांची ती भाषा. बाळंतिणीला बाळ दूध ओढायला लागलं की ओटीपोटात कळ येते, ती गर्भाशय आकसण्याची. आग होणं, मुंग्या, करंट बसल्यासारखी चमक हे नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं. ठणक्याची गोळी नसेच्या आगीवर फारशी चालत नाही, म्हणून डॉक्टरांना ‘लई दुखतंय’ एवढंच सांगून भागत नाही.

सिस्टर कन्नड बोलणारी असेल तर घाबरू नका, आमच्यातल्या बऱ्याच जणींना मराठी कळतं. तरी हे शब्द कामाचे: दुखणं म्हणजे ‘नोवु’, आग म्हणजे ‘उरी’, श्वास म्हणजे ‘उसिरु’. उलटीला ‘वांती’, ते आपलंच. ‘सिस्टर, भाळ नोवु ऐती’ म्हटलं की कुणीही उठून येईल.

तिसरी पायरी: खोलीत आणल्यावर काय काय दिलंय ते लिहून घ्या

स्ट्रेचर आत आलं की सगळे ‘शुद्धीवर आली का’ यात गुंततात. तुम्ही सोबत आलेल्या सिस्टरला विचारा: दुखण्याचं शेवटचं औषध कुठलं, किती वाजता? आणि लिहा. त्यानंतर खालची माहिती उपयोगी पडेल. डोस डॉक्टरच ठरवतात. इथले आकडे तुम्हाला घड्याळ समजावं म्हणून आहेत.

पॅरासिटामोल. तापाची गोळी म्हणून हिला कुणी मान देत नाही. ‘एवढं मोठं ऑपरेशन आणि तापाची बाटली लावलीत?’ हे मी आठवड्याला एकदा तरी ऐकते. शिरेतून पंधरा मिनिटांत सोडतात, चार ते सहा तास टिकते, पोटाला नि मूत्रपिंडाला सहसा त्रास देत नाही. एकटी पुरत नाही, पण बाकी सगळ्या औषधांचा भार हलका करते. पन्नास किलोच्या वरच्या माणसाला दिवसात ४ ग्रॅमची हद्द. कमी वजनाला, म्हाताऱ्याला, यकृत बिघडलेल्याला त्याहून कमी.

सूज उतरवणारी औषधं: डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, केटोरोलॅक, एटोरिकॉक्सिब. हाड, दात, सिझेरियन यांच्या ठणक्यावर ही छान चालतात. मात्र पोट, मूत्रपिंड, दमा, हृदय आणि रक्तस्राव या पाच गोष्टी बघूनच द्यायची. गावाकडे शेतकऱ्यांना गिधाडांची गोष्ट माहीत असते: जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून पोटात जाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि २००६ साली भारतात जनावरांसाठी ते बंद झालं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही. पण आधीच मूत्रपिंड कमजोर, वर दोन दिवस पाणी कमी, असा पेशंट असेल तर सांभाळायलाच हवं. केटोरोलॅक पाच दिवसांच्या पुढे देत नाहीत.

याच गटातलं गुदद्वारातून द्यायचं औषध सिझेरियननंतर सर्रास वापरतात. नव्या बाळंतिणी लाजतात, सासवा नाक मुरडतात. उलट्या होत असताना गोळी टिकत नाही, तेव्हा हे बिनसुईचं, तासाभरात चढणारं औषध सोयीचं असतं. एकदा समजावून सांगितलं की बहुतेकींची हरकत उरत नाही.

अफूच्या कुळातली औषधं. मॉर्फिन, फेंटॅनिल, आणि इकडे सगळ्यात जास्त दिसणारं ट्रामाडॉल. मॉर्फिन शिरेतून पाचेक मिनिटांत जाणवायला लागतं, तीन-चार तास टिकतं. फेंटॅनिल लगेच चढतं आणि अर्ध्या-एक तासात उतरतं. ट्रामाडॉल चार ते सहा तास. पण मळमळ आणि उलटी फार, म्हणून ते सावकाश सोडतात. मॉर्फिन लहान दवाखान्यात बहुधा नसतंच, कारण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली त्याचा हिशेब ठेवावा लागतो. २०१४ साली कायद्यात बदल करून वाट सोपी केली, तरी भीती उरली आहे. २०१८ पासून ट्रामाडॉलही त्याच कायद्यात आलं, म्हणून घरी न्यायला चिठ्ठी जपून ठेवा.

‘सवय लागेल’ म्हणून हे औषध नाकारणारे नातेवाईक भेटतात. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस, मोजून, आमच्या नजरेखाली दिलेल्या औषधाची सवय लागणं फार क्वचित. खरी काळजी वेगळी आहे: झोप वाढणं आणि श्वास मंदावणं. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. दहाच्या खाली गेले, हाक मारून डोळे उघडत नाहीत, ओठ काळपट दिसतात, की धावत येऊन सांगा. उतारा देणारं औषध वॉर्डात असतं. या औषधावर असताना घरून आणलेली झोपेची गोळी द्यायची नाही. बद्धकोष्ठ होणारच धरून पहिल्या दिवसापासून त्याचं औषध मागून घ्या. अंगावर पाजत असलेल्या आईला ट्रामाडॉल आणि कोडीन टाळतात, बाळ सुस्तावू शकतं. पॅरासिटामोल आणि आयब्युप्रोफेन तिला चालतं.

बटणाचा पंप. मोठ्या हॉस्पिटलात मिळतो. पेशंटने बटण दाबलं की मॉर्फिनसारख्या औषधाचा ठरलेला थेंब जातो, मग पाच-दहा मिनिटं कितीही दाबलं तरी काही जात नाही. याची सुरक्षितता एकाच गोष्टीवर उभी आहे: झोप चढलेला माणूस बटण दाबत नाही. म्हणून ते बटण तुमच्या हातात कधीच घ्यायचं नाही. आईला झोपेतही दुखू नये म्हणून मुलगा रात्रभर मायेने बटण दाबत बसतो आणि तिचा श्वास मंदावतो, ही या पंपाची ओळखीची चूक आहे.

कमरेतली भूल आणि पाठीतली नळी, या दोन्हींत लोक गोंधळतात. कमरेतली भूल एकच सुई. दोन ते चार तासांत पाय हलायला लागतात आणि दुखणंही मागोमाग येतं. त्यातच थोडं मॉर्फिन घातलं असेल तर आराम जवळजवळ दिवसभर टिकतो, पण अंगाला खाज सुटू शकते. पाठीतल्या नळीतून औषध दोन-तीन दिवस सोडता येतं. पोटाच्या, छातीच्या मोठ्या ऑपरेशनला तिच्यासारखं दुसरं काही नाही, असं माझं मत. बदल्यात रक्तदाब उतरतो, पाय जड होतात, लघवी अडू शकते. पाय जड असताना पेशंटला एकट्याने उठवू नका. नळी असताना अचानक पाय पूर्ण लुळे पडले किंवा पाठीत जोराची कळ आली तर लगेच सांगा. ‘त्या सुईने कंबर कायमची जाते’ हे सोडून द्या. बाळंतपणानंतर कंबर दुखते ती सुई न घेतलेल्या बायकांचीही. एक त्रास मात्र खरा आहे: बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की थांबतं. तो दोनेक दिवसांत सुरू होतो आणि त्यावर उपचार आहे. उशी काढून चोवीस तास सपाट पडून राहिल्याने तो टळत नाही, पण हा नियम अजून गावोगाव चालतो.

नसेचा ब्लॉक. मशीनवर नस बघून तिच्याभोवती औषध सोडतात. हात, खांदा, गुडघा, सिझेरियनचं पोट यांना फार उपयोगी. झोप नाही, उलटी नाही. घड्याळ मात्र सगळ्यात फसवं: आठ तासांपासून अठरा-वीस तासांपर्यंत, आणि उतरतं ते पायरीपायरीने उतरत नाही, कडा तुटावा तसं उतरतं.

हे मी स्वतःच्या घरात शिकले. आमच्या बाबांचं मनगट मोडलं, प्लेट बसवली, ब्लॉक दिला होता. संध्याकाळी बाबा मजेत, हात लाकडासारखा, गप्पा मारालेत. सिस्टर गोळी घेऊन आली तर मीच म्हटलं, ‘दुखत नाही त्यांना, राहू दे.’ नर्स असून. पहाटे तीनला ब्लॉक उतरला आणि बाबांनी वॉर्ड डोक्यावर घेतला. तेव्हा दिलेली गोळी चढायला तास लागला, तो तास मी विसरणार नाही. हात-पाय बधिर असतानाच गोळी सुरू करा, दुखण्याची वाट बघू नका. आणि बधिर हात झोळीत सांभाळा, गरम पाण्याची पिशवी लावू नका. भाजलं तरी कळत नाही.

जखमेच्या कडेला टाके घालताना सोडलेलं बधिर करायचं औषध चार ते आठ तास पुरतं. हर्निया, अपेंडिक्सला बहुतेक देतातच. दुखण्याच्या औषधाची अंगावर चिकटवायची पट्टी असते, तिच्याबद्दल थोडक्यात: ती चढायला बरेच तास घेते, ताज्या दुखण्याला उपयोग नाही. लावलीच असेल तर तिच्यावर शेक नको, औषध भसकन अंगात जातं.

चौथी पायरी: पहिली रात्र

वेळेवर लिहून दिलेलं औषध वेळेवर घ्यायचं, दुखत नसलं तरी. ‘लागलं तर’ म्हणून लिहिलेलं औषध आठ आणे झाले की मागायचं, सोळा आण्यांची वाट बघायची नाही. मागितल्यावर वेळ लिहा, दिल्यावर वेळ लिहा, आणि शिरेतून दिलं असेल तर अर्ध्या तासाने, गोळी असेल तर तासाभराने आणे पुन्हा विचारा. फरक नसेल तर परत सांगायला या. आम्ही वैतागलेल्या दिसतो, पण वेळ लिहिलेली वही घेऊन येणाऱ्याचं काम लवकर होतं, हे खरं आहे.

‘गोळी नको, सुईच द्या’ असा हट्ट धरू नका. ऑपरेशननंतर आतडी पुन्हा काम करायला लागली की गोळीही तितकंच काम करते, चढायला वेळ जास्त घेते इतकंच.

काही दुखणी औषध वाढवून दाबायची नसतात. प्लास्टरमध्ये ठणका वाढतच चाललाय, बोटं ताणली की किंचाळतो, बोटं थंड किंवा निळी पडलीत. एका पोटरीला सूज आणि दुखणं. छातीत दुखून दम लागणं. पोट फुगून कडक होणं. लघवी न होता ओटीपोटात कळ. अशा वेळी ‘अजून एक इंजेक्शन द्या’ न म्हणता ‘डॉक्टरांना बोलवा’ म्हणा. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा दुखतो त्याला मात्र घाबरायचं कारण नसतं: पोटात भरलेला वायू छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला डिवचतो आणि दुखणं खांद्यात उमटतं. चालायला लागलं की एक-दोन दिवसांत जातं.

पाचवी पायरी: उठवताना

उठवायच्या, व्यायामाच्या आधी तासभर गोळी पोटात गेलेली असावी. फिजिओथेरपीवाले दहाला येत असतील तर नऊला. पोटाला टाके असतील तर खोकताना टाक्यावर उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी दाबून धरायला शिकवा. फुकटचा उपाय आहे आणि खोकल्याचे चार आणे तरी कमी करतो. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग कोपरावर भार देऊन बसतं करायचं. हात धरून सरळ ओढायचं नाही. सुजलेल्या गुडघ्याला कापडात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं.

सहावी पायरी: घरी नेताना

गाडी निघायच्या तासभर आधी गोळी द्या. जांबोटी-कणकुंबीकडचा रस्ता टाके मोजून घेतो.

आता सीमाभागातली खास भानगड. आधी निपाणीत दाखवलेलं, ऑपरेशन बेळगावात, टाके बघायला गावातले डॉक्टर. तीन चिठ्ठ्या, तीन नावं, आणि पॅरासिटामोल तिन्हींत. एसिक्लोफेनॅकच्या जोडगोळीत ३२५ मिलिग्रॅम, ट्रामाडॉलच्या जोडगोळीत ३२५, वर तापाची ६५० ची. तिन्ही दिवसातून तीनदा घेतल्या तर ३,९०० मिलिग्रॅम होतात. पंचेचाळीस किलोच्या आज्जीला किलोमागे १५ मिलिग्रॅम, चार वेळा, म्हणजे हद्द २,७०० ची. तेव्हा प्रत्येक पाकिटामागे छापलेली बारीक अक्षरं वाचा, वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याला वाचायला लावा आणि वहीत बेरीज मांडा. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं. कुठली गोळी कशाची, ते निघण्याआधी सिस्टरकडून मराठीत पाकिटावरच लिहून घ्या.

औषध कमी करताना आधी ट्रामाडॉल सोडायचं, मग सूज उतरवणारी गोळी, शेवटी पॅरासिटामोल. पण हा क्रम डॉक्टरांना विचारूनच. दुखणं दिवसागणिक आण्याने उतरायला हवं. उतरून पुन्हा चढलं, ताप आला, टाक्यातून पाणी किंवा पू आला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. आणि तीन महिन्यांनीही टाक्याजवळ आग, चमक, कापड लागलं तरी सहन न होणं चालू असेल तर ते नसेचं दुखणं. त्याच्या गोळ्या वेगळ्या असतात.

टाके काढायला येताना वही घेऊन या. कितव्या दिवशी किती आणे होते, हे डॉक्टर विचारतात.